विटेवरचं हिरवं

लग्न होऊन मी सुकापूरला आले तेव्हा तिथे होणाऱ्या विमानतळाच्या नुसत्या गप्पा होत्या. माझं एमएस्सी बॉटनीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. 'पूर्ण कर, आमची काही आडकाठी नाही,' असं सासरचे सगळे म्हणाले आणि मग मला दिवस गेले. सहाव्या महिन्यात बाहेर पडणं बंद झालं. जिना नको, रिक्षाचे धक्के नकोत, ऊन नको. कोणी माझ्यावर रागावत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. भांडायचं तरी कोणाशी?

प्रोजेक्ट मात्र घरबसल्या होण्यासारखा होता. नेच्याच्या पानामागची तपकिरी भुकटी, म्हणजे बीजाणू, मी विटांच्या ओल्या तुकड्यांवर पेरले होते. त्यातून लगेच नेचं उगवत नाही. आधी नखाएवढी, बदामाच्या आकाराची हिरवी चकती येते. तिच्यावर पाणी असेल तरच नर-मादी पेशींची गाठ पडते आणि मग कुठे आपल्या ओळखीचं नेचं. एकाच झाडाची दोन आयुष्यं. पुढे उत्क्रांतीत फुलझाडं आली, त्यांनी ही छोटी पिढी फुलाच्या आत कोंडून घातली. आमचे सर त्याला प्रगती म्हणायचे. बाल्कनीच्या ग्रिलला टेकून बसलं की मला ते अजिबात पटायचं नाही.

तीन महिने मी त्या चकत्या जपल्या. आठवड्याभरात त्या सरांना दाखवायच्या होत्या, नाहीतर वर्ष गेलं.

एका दुपारी झोपून उठले तर घरभर ब्लीचिंग पावडरचा वास. बाल्कनीत सासूबाई काथ्याने विटा घासत होत्या. विटा लालभडक, स्वच्छ.

"केवढं शेवाल झालेलं गो!" त्या म्हणाल्या. "तुजा पाय घसरला आसता तर? या दिवसांत?"

"आई, तो माझा अभ्यास होता."

त्यांनी एकदा विटेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी रडले, खूप रडले. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि माझ्याच काळजीपोटी हात सोलवटून घेतलेल्या बाईवर तो काढता येत नव्हता.

रविवारी त्या गावाकडच्या शेताच्या बांधावरून एक अख्खं नेचं मुळासकट घेऊन आल्या.

"घे, मोठा आनलाय. तुजा तो तं कवरा बारीक होता."

मी "बरं झालं" म्हटलं आणि ते कुंडीत लावलं. परीक्षेला पुन्हा बसायचं राहूनच गेलं.

कुंडीतलं नेचं छान वाढलं. पावसाळ्यात त्याची भुकटी खाली लादीवर पडायची आणि कुंडीच्या कडेने हिरवा थर धरायचा. मुलगी चालायला लागल्यापासून तो थर मीच घासून काढते.