हनीफ मिस्त्रींनी भात सोडला तेव्हा

"मॅडम, कॅज्युअल्टीत या ना. पेशंटची शुगर खाली गेली हाये अन् तो ग्लुकोज पिऊन नाई राह्यला. म्हणते, माझं डाएट तुटते."

सिस्टरचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. मी गडचिरोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन आहे. कॅज्युअल्टीतून मला सहसा बोलावणं येत नाही. तिथे सुई लागते, सलाइन लागतं, आमचं काम त्यानंतरचं. म्हणून मी जरा धावतच गेले.

बेडवर पन्नाशी ओलांडलेला, चांगला दणकट माणूस बसला होता. शर्ट घामानं भिजलेला, हात थरथरतायत आणि ओठ घट्ट मिटलेले. शर्टावर लाकडाचा भुसा होता. हे हनीफभाई. गावात त्यांचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. आलापल्लीच्या सागवानाचे पलंग, दिवाण, कपाटं बनवतात. शेजारी त्यांची बायको शमीमभाभी ग्लुकोजचा ग्लास धरून उभी होती. दाराजवळ त्यांचे जुने कारागीर वासुदेवभाऊ उभे होते. त्यांनीच ऑटोत घालून यांना आणलं होतं.

रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली की आम्ही त्याला हायपो म्हणतो. हनीफभाईंची पन्नासच्याही खाली होती. अशा वेळी घाम सुटतो, हातपाय कापतात आणि माणूस चिडचिडा होतो. मेंदूलाच साखर कमी पडत असते, त्यामुळे त्याला समजावून सांगणं अवघड जातं.

"भाऊ, हे प्या," मी म्हटलं.

"साखर नाई. इतक्या दिवसाची मेहनत हाये माझी."

"साखर नाही, औषध आहे हे."

"औषध गोड काऊन हाये मग?"

सिस्टर सलाइनमधून साखर द्यायच्या तयारीला लागली होती. पण शमीमभाभींनी तिला हातानं थांबवलं. नवऱ्याच्या पुढ्यात ग्लास धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पियो. मेरे वास्ते."

ते प्यायले. तोंड वाकडं करत, पण सगळा ग्लास.

थोड्या वेळानं थरथर थांबली. माणूस भानावर आला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "सॉरी मॅडम, मी काही उलटसुलट तं नाई ना बोललो?" हा मुळात किती मऊ माणूस आहे ते मला तेव्हा कळलं.

काय झालं ते वासुदेवभाऊंनी सांगितलं. "भाऊ कटर मशीनवर फळी कापून राह्यले होते. मी बाजूलेच होतो. पाहतो तं हात थरथरते अन् नजर भलतीकडंच. म्या आवाज देल्ला, तं उत्तर नाई. मंग म्या बटनच बंद केलं." त्या मशीनचं पातं मी पुढे वर्कशॉपला गेले तेव्हा पाहिलं. बटन बंद व्हायला जरा उशीर झाला असता, तर काय झालं असतं ते सांगायची गरज नाही.

आता मूळ गोष्ट. हनीफभाईंचे दोन्ही गुडघे दुखत होते. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं. डायबेटिस होताच, गोळ्या चालू होत्या. नागपूरच्या भाच्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात कोणीतरी छातीठोकपणे सांगत होता की भात बंद, पोळी बंद, डाळ बंद, फळं बंद; फक्त अंडी, मटण, पनीर, तूप खा. हनीफभाईंनी दुसऱ्या दिवसापासून तसंच सुरू केलं. आमच्याकडे माणूस जेवला का असं विचारताना भात खाल्ला का असंच विचारतात. अशा मुलखात त्यांनी भात सोडला.

"अन् वजन उतरलं ना मॅडम," ते म्हणाले. "धडाधडा उतरलं. पँट ढिली झाली. मले वाटलं, हेच खरं."

खोटं नव्हतं ते. लो-कार्बनं वजन उतरतं. आपलं शरीर थोडी साखर लिव्हरमध्ये आणि स्नायूंत साठवून ठेवतं आणि तिच्यासोबत बरंच पाणीही धरून ठेवतं. भात, पोळी बंद केली की हा साठा आधी वापरला जातो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. सुरुवातीला काटा धडाधड खाली येतो, त्यातलं बरंचसं हे पाणीच. त्या पाण्यासोबत मीठही जातं, म्हणून पायांत गोळे येतात, डोकं दुखतं. पुढे शरीर चरबी जाळायला लागतं. चरबी जळताना कीटोन नावाचे पदार्थ तयार होतात. त्यांनी भूक थोडी मरते. अंडी-मटणानंही पोट लवकर भरतं. एकूण खाणंच कमी होतं आणि वजन उतरतं. यात जादू काही नाही. वर्षभरानं पाहिलं तर साधं, मोजकं जेवणाऱ्या माणसाचं वजनही जवळपास तेवढंच उतरलेलं असतं.

कीटोनमुळे तोंडाला एक विचित्र वास येतो, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. मी शमीमभाभींना त्याबद्दल विचारलं.

"येते ना मॅडम," त्या म्हणाल्या. "पण हे पॉलिशचं काम करते. मले वाटलं थिनरचाच वास हाये."

वासुदेवभाऊ दारातून म्हणाले, "आमालेही तेच वाटलं."

धोका वासाचा नव्हता. हनीफभाईंच्या गोळ्यांमधली एक गोळी अशी होती की ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. इन्सुलिनचं काम रक्तातली साखर कमी करणं. तुम्ही भात खाल्ला की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, "भाऊ, लाकूड तुम्ही अर्ध्यावर आणलं, पण मशीन जुन्याच वेगानं चालू ठेवली." त्यांनी मान हलवली. "मंग ते आपल्यावरच येईन ना."

ही गोळी बराच वेळ काम करते. म्हणून हायपो एकदा सावरला तरी अशा पेशंटला आम्ही लगेच घरी सोडत नाही. झालंही तसंच. दुपारी जेवणाआधी त्यांची शुगर पुन्हा खाली घसरली. या वेळी ते स्वतःच म्हणाले, "सिस्टर, द्या ते गोड औषध."

राऊंडला आमचे फिजिशियन सर आले. केस पेपर बघून म्हणाले, "मॅडम, यांना सांगा, आजपासून भात सुरू. विषय संपला."

"सर, भात सुरू केला तर त्यांची शुगर पुन्हा वर जाईल. ती उतरली आहे ती याच जेवणानं."

"जेवणानं ते इथे येऊन पडलेत."

"जेवण आणि गोळी, दोन्हींमुळे. जेवण बदललं, गोळी कोणी बदललीच नाही."

सरांनी केस पेपर पुन्हा पाहिला. ते रागीट आहेत, पण ऐकून घेतात. "मग तुमचं म्हणणं काय?"

"भात अगदी बंद नको, पण पहिल्यासारखा ताटभरही नको. डाळ, भाजी परत आणू. आणि ती गोळी तुम्ही बघा."

"गोळी बंद करतो," सर म्हणाले. "दुसरी राहू दे, तिनं एकटीनं शुगर अशी खाली जात नाही. पण घरी रोज शुगर तपासायची. आणि किडनीचे रिपोर्ट आल्याशिवाय मटण-अंड्यांचा आग्रह नको." जाता जाता हनीफभाईंना म्हणाले, "डायबेटिसच्या काही नव्या गोळ्या आहेत. त्या घेणाऱ्यांनी असं डाएट केलं तर रक्तात अॅसिड वाढतं आणि शुगर नॉर्मल दिसते. माणूस हसत येतो आणि आयसीयूत जातो. तुमच्या त्या व्हिडिओवाल्यानं हे सांगितलं का?"

"नाई सर. त्यानं फक्त त्याचं पोट दाखवलं."

माझं काम इथे संपायला हवं होतं. आहार ठरला, गोळी बदलली, पेशंट समजूतदार. मी जेवायला कॅन्टीनमध्ये गेले.

कोपऱ्यातल्या टेबलावर शमीमभाभी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. समोर वरणभात. त्या इतक्या भराभर जेवत होत्या की मी पाहतच राहिले. माझी चाहूल लागली तशी त्यांनी ताटावर ओढणीचा पदर ओढला. एखाद्या लहान मुलीसारखा.

"मॅडम, यायले सांगू नका."

"काय सांगू नको?"

"मी भात खाल्ला म्हणून."

मी समोर बसले. तेव्हा कुठे नीट पाहिलं त्यांच्याकडे. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. गाल आत गेलेले. कॅज्युअल्टीत सगळे हनीफभाईंकडे बघत होतो. हिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं, माझंही नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. नवऱ्यानं भात सोडला त्या दिवसापासून त्यांनीही सोडला होता. मटणाचे तुकडे, अंडी सगळी नवऱ्याच्या ताटात आणि स्वतः भाजी आणि उरलेला रस्सा. "ते कोरडं कोरडं खाते अन् मी त्यायच्यासमोर भात कशी खाऊ, मॅडम? घशाखाली उतरते का? त्यायचं मन चळलं असतं."

"मग मागे स्वयंपाकघरात खायचा."

"चोरून? तेही करून पाहिलं एकदा. त्यायले वास आला. काही बोलले नाई, पण पानावर बसून राह्यले तसेच. मंग घरात तांदूळ शिजवलाच नाई."

मी त्यांना जेवण पुरं करू दिलं. मग वजनकाट्यावर उभं केलं. आकडा पाहून मलाच वाईट वाटलं. ज्याला वजन उतरवायचं होतं त्याचं उतरलं होतं, आणि जिला गमवायला काही नव्हतं तिचंही.

त्यांनी सांगू नका म्हटलं होतं. मी म्हटलं, "मी नाही सांगत. तुम्हीच सांगा, मी सोबत येते."

वॉर्डात हनीफभाईंपुढे जेवणाचं ताट नुकतंच आलं होतं. माझ्या सांगण्यावरून त्यात एक वाटी भात होता. ते त्याच्याकडे अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते.

शमीमभाभी एका दमात सगळं बोलल्या. हनीफभाई ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू काऊन नाई सांगितलं मले?"

"तुमाले सजदा कराचा होता ना जमिनीवर."

तेव्हा मला कळलं की वजन उतरवायचं खरं कारण काय होतं. गुडघ्यांमुळे ते कित्येक महिने खुर्चीवर बसून नमाज पढत होते. त्यांना परत जमिनीवर कपाळ टेकवायचं होतं. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, मलाही नाही. फक्त बायकोला माहीत होतं.

हनीफभाईंनी ताटातली भाताची वाटी उचलली आणि तिच्या हातात दिली. "मॅडम, मायं तुमाले जे लिहाचं ते लिहा. हिच्यासाठी पहिले भात लिहा."

"दोघांसाठी लिहिते," मी म्हटलं. "तिची वाटी मोठी, तुमची छोटी."

घरी काय शिजेल ते मी भाभींशी बोलूनच ठरवलं. एकच स्वयंपाक, ताटं वेगळी. हनीफभाईंच्या ताटात भाजी आणि वरण जास्त, भात थोडा, मासोळी किंवा अंडं. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, एरवी मिळेल ती पालेभाजी, कारण बद्धकोष्ठतेनंही ते हैराण झाले होते आणि लाजून बोलले नव्हते. भाभींच्या ताटात सगळंच भरपूर. अंडं आधी त्यांच्या ताटात वाढायचं, ही अट हनीफभाईंनी घातली. शिवाय शुगर तपासल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, ही वासुदेवभाऊंची.

पुढे वजन उतरलं, पण हळू. मध्ये ते अडूनही बसलं. तेव्हा हनीफभाई तक्रार करत आले, "पयलं डाएट चांगलं होतं मॅडम, काटा तं हालत होता." मी त्यांना पाण्याची गोष्ट पुन्हा सांगितली. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करावी लागली नाही. भाभींचे गाल भरले.

एका शुक्रवारी दोघं ओपीडीत आले. हनीफभाई म्हणाले, "आज जमिनीवर पढून आलो. उठतानी बाजूवाल्यानं हात देल्ला, पण पढलो." काही दिवशी त्यांना अजूनही खुर्ची लागते. ते तसं मोकळेपणानं सांगतात.

वजन कमी करायला कोणी आलं की काय खाता, हे मी आता नंतर विचारते. आधी विचारते, गोळ्या कोणत्या चालू आहेत. आणि मग, घरात तुमच्यासोबत जेवायला कोण बसतं. या दुसऱ्या प्रश्नावर बरेचजण हसतात. मी उत्तर मिळेपर्यंत थांबते.