उन्हात ठेवलेली पुस्तकं

“तिनं परत केलेली बाहेरच असू देत. चांगलं ऊन लागू दे, मग कपाटात घ्या.”

सुमतीबाई वाचनालयाच्या कारकुनाला सांगत होत्या. आवाज नेहमीसारखाच मऊ. लोणच्याच्या फोडींबद्दल बोलावं तसा. मी दाराबाहेर, हातात परत करायचं पुस्तक. मागच्या कट्ट्यावर मी वाचलेली पुस्तकं उघडी पसरली होती, पानं उडू नयेत म्हणून वर दगड. दुसऱ्या कुणाचं एकही नव्हतं.

पिंपरीचा औषधाचा कारखाना नवा होता, वसाहत त्याहून नवी. भोवती माळ आणि बाभळी. वडील कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात होते, म्हणून वसाहतीच्या टोकाच्या चाळीत आम्हाला एक खोली मिळाली होती. वाचनालय सुमतीबाई बघायच्या; त्यांचे यजमान त्याच खात्याचे साहेब. वाचनालय सर्वांसाठी आहे, असं दारावर लिहिलेलं होतं. मी ते खरं मानलं.

मी खडकीला मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकले. इंग्रजी तोंडात बसलेलं, पण मराठी वाचताना अजून ओळीखालून बोट फिरायचं. चारचौघांत मराठी बोलायची तर भीतीच. पहिल्या दिवशी सुमतीबाईंनी इंग्रजीतून विचारलं, कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, खडकीच्या. माझे उच्चार ऐकून त्यांनी मला ख्रिस्ती धरलं. जवळ बसवून घेतलं. पुस्तकं स्वतः निवडून दिली.

तो महिना मी अधाशासारखी वाचत होते. बोटीनं जग फिरून आलेल्या माणसाची हकिकत. एक खुनाची गोष्ट, तिचं शेवटचं प्रकरण आधी वाचलं, कारण दम निघेना. कोंबड्या पाळण्याचं पुस्तक, केवळ चित्रांसाठी. बुरशीपासून औषध कसं काढतात, तेही. वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, आमी आपलं बुरशी म्हंजी नुसती घाण समजत हुतो. मग हट्टानं मराठी घेतलं. एका विधवेनं लिहिलेली स्वतःची कहाणी. तिला माजघरात पाऊल टाकायची बंदी होती. वाचताना मला तिची कीव आली. तिची.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी वडील मला न्यायला आले. खाकी कपडे, ओले पाय. दारातच थांबून म्हणाले, बाई, आमची पोर आत हाय का? सुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसल्या. दुसऱ्या दिवशीही बोलल्या, पण उभ्याउभ्याच, आणि घड्याळाकडे बघत.

त्यानंतर मी विधवेची कहाणी पुन्हा मागून आणली. पानं कडक झालेली, पुठ्ठा पापडासारखा वाकलेला. मला वाटलं, कसर लागू नये म्हणून. जेवताना मी कौतुकानं सांगितलं, वाचनालयात पुस्तकांना ऊन दाखवतात, फार निगा ठेवतात.

वडिलांच्या हातातला घास तसाच राहिला.

“समद्याच पुस्तकांस्नी?”

म्हटलं, माहीत नाही. ते पाणी प्यायले आणि उठले.

सुमतीबाईंचं बोलणं ऐकलं त्या दिवशी मी पुस्तक परत न देताच घरी आले. ऐकलं ते सगळं सांगितलं. वडिलांना नवल वाटलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला. आम्ही महार. त्याचा अर्थ वडिलांना कुणी शाळेत घालून शिकवला नव्हता, आणि मला शाळेनं तो विसरायला लावला होता.

मग त्यांनीच सांगितलं. साहेब दोनदा त्यांच्या टाकीपाशी येऊन गेले होते. पहिल्यांदा म्हणाले, तुझी मुलगी फार वाचते म्हणे. एवढंच, आणि हसून गेले. पुढच्या वेळी विचारलं, खोलीत किती माणसं राहता? कुणाच्या सांगण्यावरून मिळाली?

“खोली कंपनीची हाय, बाय. तू तिथं तोंड उघडू नगं.”

बोलताना ते हात चोळत होते. दिवसभर सोड्याच्या पाण्यात राहून कातडी पांढरी पडलेली, भेगाळलेली. कारखान्यातली प्रत्येक बाटली त्या हातांखालून जायची. ती कुणी उन्हात ठेवत नव्हतं.

सकाळी एक शिपाई आला आणि आमच्या दारावर खडूनं फुली मारून गेला. चाळीतल्या दुसऱ्या कुठल्याच दारावर नाही. कशाला, विचारलं तर म्हणाला, वरनं सांगितलंय. आई पदरानं पुसायला गेली, वडिलांनी तिचा हात धरला. म्हणाले, खोली रिकामी करायची खूण हाय ती. शेजारची बाई रोज विस्तव मागायला यायची. त्या दिवशी आली नाही.

वडील कामावर गेल्यावर मी निघाले.

वाचनालयात बायका मासिकं चाळत होत्या. कारकून लगबगीनं बाहेर आला. माणूस वाईट नव्हता. खालच्या आवाजात म्हणाला, हवं ते पुस्तक सांगत जा, मी मागच्या खिडकीतून देईन, आत यायचे कष्ट नकोत. सुमतीबाईंनी मान वर केली नाही. इंग्रजीतच म्हणाल्या, तेच तुझ्या सोयीचं आहे. पान उलटून पुढे म्हणाल्या, तुझ्या वडिलांच्याही.

थँक यू, मॅडम. शाळेनं घोटून घेतलेलं उत्तर ओठांवर तयार होतं. तेवढं म्हटलं असतं तर दारावरची फुली कदाचित पुसली गेली असती. कदाचित.

मी कारकुनाच्या बाजूनं आत गेले. सुमतीबाईंच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. मासिकं खाली झाली. आतापर्यंत त्यांनी माझं मराठी ऐकलंच नव्हतं.

“मी खिडकीशी येणार नाही. रोज इथंच बसून वाचणार. खोली काढून घ्यायची तर घ्या. पण का काढली, ते साहेबांना स्वतःच्या सहीनं लिहून द्यायला सांगा.”