घ्यायची माय, विकायची माय

अर्धापूरच्या गुणाबाईनं हैदराबादच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं. सून शिल्पा बाळंत झाली, लेक दयानंदनं तिकीट पाठवलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई नांदेडहून निघाली ती चीनमधल्या नानजिंग शहरातच जाऊन थडकली. आठ दिवस नातवाला न्हाऊमाखू घालण्यात गेले. नवव्या दिवशी बाईचं तोंड शिवशिवायला लागलं. दयानंद दिवसभर ऑफिसात, मायलेकरं झोपलेली. बोलायचं कुणाशी?

"दया, मला दोन शब्द शिकव. बाजारात जाऊन येते."

"आई, इथं फोनवर सगळं घरी येतंय. बोलायची गरजच न्हाई."

"मला केळं नको रे, माणूस पाहिजे बोलायला!"

दयानंदनं शिकवलं. वो म्हणजे मी, श्यांगज्याव म्हणजे केळी आणि घेते म्हणायचं तर माय. बाई खूश झाली. माय तर तिला जन्मापासून येत होतं.

बाजारात लिऊ नावाच्या ठेंगण्या बाईच्या गाड्यापुढं उभं राहून तिनं ठणकावलं, "वो माय श्यांगज्याव!"

लिऊ तिच्या नऊवारीकडं बघे, रिकाम्या पिशवीकडं बघे. बाईला वाटलं, ऐकू आलं नसेल. तिनं आणखी मोठ्यानं सांगितलं. मग लिऊ पोट धरून हसायला लागली. शेजारचा मासेवाला धावत आला. शेवटी एका पोरीनं मोबाईल पुढं धरला आणि त्यातून हिंदी आवाज आला, "आप केले बेचती हैं? केले कहाँ हैं?"

एकच शब्द, पण झटक्यात म्हटला की विकते, खाली नेऊन वर ओढला की घेते!

दुसरी कुणी लाजून पळाली असती. गुणाबाईला मात्र वाटलं, यात खोटं काय हाय? तिनं आपला फोन काढला आणि शेतातला फोटो दाखवला. नवरा शेषेराव आणि शेजारी त्याच्या खांद्याला लागणारा केळीचा घड. लिऊनं अशी किंकाळी फोडली की अर्धा बाजार गोळा झाला.

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. लिऊ हात खालीवर हलवून सूर दाखवायची. बाईनं आपली खूण धरली. पायाला ठेच लागल्यावरची "माय!" म्हणजे विकायचं, आईला लाडीगोडी लावतानाची "माऽऽय" म्हणजे घ्यायचं. बदल्यात तिनं लिऊला ढिगातली केळी दोरीला टांगायला लावली. केळी काळी पडायची थांबली आणि लिऊ तिला "थोरली बहीण" म्हणायला लागली. सहा महिन्यांत बाई चिनीत भाव करायला, हसायला, मासेवाल्याला दटावायला शिकली.

अर्धापूरला परतल्यावर एकदा लिऊचा व्हिडिओ कॉल आला. ती भराभर बोलत होती. बाईला निम्मंही कळेना, पण प्रेमानं ती "दुई, दुई" म्हणजे "बरोबर, बरोबर" म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी दयानंदचा फोन आला. हसून हसून त्याला बोलवेना.

"आई, तू लिऊला हो म्हणालीस? ती नवऱ्याला घेऊन येऊन राहिली, पंधरा दिवसांसाठी! तिकिटंबी काढलीत!"

बाईनं फोन ठेवला न ठेवला तोच अंगणात गिरकी घेतली. शेषेराव मात्र घाबरला. "आगं, मी काय बोलू त्यायच्यासंगं?"

"बसा हितं. पहिला नमस्कार शिका. म्हना, नी हाव."

"हाव," शेषेराव निमूट म्हणाला.

"हो न्हाई म्हणायचं, नमस्कार म्हणायचाय! नी हाऽऽव!"

"हाव हाव, कळलं की!"

गुणाबाई हसता हसता ओट्यावरच आडवी झाली.