माडावरचा उंदीर आणि सकाळचा वारा

मला त्या उंदराला मारायचंच होतं. जीवदयेचं व्याख्यान मला कुणी देऊ नये. ज्यांच्या माडावर कधी उंदीर चढला नाही, त्यांना ते परवडतं.

माड भाट्ये गावातल्या आमच्या घराच्या उत्तरेला, परसाच्या टोकाला. लग्न होऊन आले त्या वर्षी गुहागरच्या आमच्या बागेतलं रोप मी एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. पुढे भावाने ती बाग विकली, तिथे आता पर्यटकांच्या खोल्या आहेत. माहेरचं म्हणून माझ्याकडे उरलं ते हे एवढं एक झाड, आणि तेही अलीकडे शेजाऱ्यांच्या छपरावर झुकलं. संक्रांतीनंतर तोडू, असा शब्द आम्ही त्यांना दिला.

तोडायच्या आधी मला त्याचे बियाण्याचे नारळ हवे होते. बियाण्याचा नारळ झाडावरच पुरता पिकावा लागतो, त्याला जवळजवळ वर्ष लागतं. नवरात्र संपलं तेव्हा एका घडावर नऊ नारळ होते आणि पिकायला तीन महिने बाकी होते. वरच्या झावळ्यांत उंदराने घर केलं होतं. कोवळे नारळ सगळे कोरून झाल्यावर तो या घडाकडे वळला. आठवड्याभरात नवाचे सहा झाले.

उपाय सगळे केले. खोडाला पत्र्याचा पट्टा मारला, तर उंदीर शेजारच्या माडाच्या झावळ्यांवरून यायला लागला. पाडेलीने, म्हणजे आमचे नारळ पाडणाऱ्या गड्याने, दोनदा वर चढून त्याचं घरटं मोडलं. तिसऱ्यांदा मात्र तो म्हणाला की माड फार झुकलाय, आता औषध घाला. मी औषध घालणार नव्हते. आदल्या वर्षी औषध खाल्लेला उंदीर खाऊन आमची मांजर मेली होती, आणि तिचे हाल मी पाहिले होते.

राहिली बंदूक. आमच्या ह्यांनी माकडं हुसकायला घेतलेली छर्‍याची बंदूक माळ्यावर पडून होती. जन्मभर बोटीवर खलाशी म्हणून काढलेला हा माणूस, पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे नेम धरायचा तो मीच. तहसील कचेरीत बत्तीस वर्षं शिक्के मारलेस, आता छर्रे मारायचे, असं हे म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

शिकायचं तर नीट शिकायचं, हा माझा स्वभाव आहे. गच्चीपासून माडाच्या शेंड्यापर्यंत अंतर किती असेल याचा अंदाज घेतला आणि तेवढीच दोरी मोजून परसात उत्तरेकडेच एक करवंटी टांगली. मागे आमचीच काजूची बाग, तिकडे माणूस फिरकत नाही. रोज संध्याकाळी, कामं आटोपली की गच्चीच्या कठड्यावर गोणपाटाची घडी ठेवायची, त्यावर हात टेकायचा, श्वास अर्धा सोडायचा आणि घोडा हळूहळू दाबायचा. पहिले चार दिवस करवंटीला माझा पत्ताही लागला नाही. मग लक्षात आलं की छर्रा दरवेळी उजवीकडे जातो. मी नेम बोटभर डावीकडे धरायला लागले. पंधराव्या दिवशी दहातले आठ छर्रे करवंटीत होते आणि मी घरभर मिरवून घेतलं.

उंदराचीही माहिती काढली. उजाडताना तो शेजारच्या माडावरून येई, एका झावळीच्या बुडाशी थांबून तोंड पुसत बसे आणि मग आत जाई. ते तोंड पुसणं हाच माझा वेळ.

पहिल्या सकाळी तो थांबला, मी घोडा दाबला, आणि छर्रा त्याच्या डावीकडे लटकलेल्या घडात गेला. माझाच नारळ. चार दिवसांनी तो गळून पडला. सहाचे पाच झाले आणि या वेळी दोष उंदराचा नव्हता. मला इतकी लाज वाटली की पाडेलीने विचारलं तेव्हा मी उंदराचंच नाव घेतलं. पुढच्या आठ सकाळी मी नेम पुन्हा पुन्हा तपासला, हात आणखी घट्ट टेकला, पण छर्रा डावीकडेच जात राहिला. तेवढ्यात उंदराने आणखी एक नारळ खाल्ला. आता चार.

हे रोज गच्चीच्या दारात चहा घेऊन बसत, काही बोलत नसत. नवव्या सकाळी मी बंदूक आपटली आणि मला रडू आलं, तेव्हा हे बोलले.

"संध्याकाळचा वारा शिकलीस तू, नि मारतेस सकाळी. संध्याकाळी वारा दर्यावरून येतो. आता मतलई हाय, तो जमिनीवरनं दर्यावर जातो. त्याच्यासंगती तुजा छर्रा पण जातो."

माडाकडे तोंड केलं की समुद्र डाव्या हाताला. संध्याकाळी वारा छर्‍याला उजवीकडे ढकले म्हणून मी डावीकडे नेम धरायला शिकले होते. सकाळी वारा स्वतःच डावीकडे नेत होता आणि वर माझी बोटभर भर. जन्म या किनाऱ्यावर गेला, सकाळचा वारा कुठून येतो हे मला शेंबड्या वयापासून ठाऊक, तरी डोक्यात आलं नाही. एवढे दिवस गप्प का बसलात म्हणून मी ह्यांच्यावर डाफरले. हे म्हणाले, विचारलंस कुठे.

त्या दिवसापासून सरावही सकाळीच. उंदीर दिसला तरी मी त्याच्यावर बंदूक उचलली नाही, फक्त करवंटीवर, नेम बोटभर उजवीकडे. माझे हात ऐकेनात, जुन्या सवयीने डावीकडेच जात. सहा दिवस लागले. सातव्या दिवशी तो झावळीच्या बुडाशी थांबला आणि तोंड पुसायला लागला. मी अर्धा श्वास सोडला. तो दगडासारखा खाली आला. मला आनंद झाला, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही.

संक्रांतीनंतर माड पाडला. मी आत देवघरात बसून राहिले, आवाज ऐकला. हे मात्र बाहेर गेले आणि आडव्या पडलेल्या शेंड्यावरून बोटं फिरवत छर्रे शोधत बसले. सगळे दर्याच्या बाजूला आहेत, असं आत येऊन सांगितलं.

चार नारळ वाळूत पुरले, तीन रुजले. दोन परसात लावले. तिसरं रोप पाऊस लागल्यावर मी एसटीत मांडीवर धरून गुहागरला नेलं. भावाच्या नव्या घरामागे खोलीभर मोकळी जागा आहे. त्याने रोप हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं.

"आपल्याच बागेतलं?"

"हो," मी म्हटलं. "आता हे तरी विकू नकोस."

तो फावडं आणायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.