संत्र्याच्या पानाची दुपार

“दुपारची रीडिंग्ज काढून टाका,” डायरेक्टर म्हणाले. “सकाळची ठेवा. सकाळचा कर्व्ह सुंदर आहे.”

“काढणार नाही, सर.”

ते चष्मा पुसायचे थांबले. त्यांच्या केबिनमध्ये असं कुणी बोलत नसे. त्यातून मी बाई, नोकरीत नवी आणि आडनाव मेश्राम. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नागपूरच्या एका संशोधन केंद्रात मी वनस्पतिशास्त्रज्ञ होते.

वाद कशाचा, ते सांगते. पान हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेतं आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर बनवतं. हे प्रकाशसंश्लेषण शाळेत सगळेच शिकतात. ते मोजायला आमच्याकडे गॅस अ‍ॅनालायझर होता. पान झाडावरच काचेच्या छोट्या चेंबरमध्ये धरायचं आणि त्यातून हवा सोडायची. बाहेर पडणाऱ्या हवेत हा गॅस जितका कमी भरेल, तितका पानाने खाल्ला; यंत्राचा काटा हा खाल्लेला हिस्सा दाखवी.

पुस्तकं सांगत, ऊन वाढलं की पानाचं काम वाढतं आणि एका पातळीला जाऊन टिकतं. माझी संत्र्याची पानं सकाळी अगदी तशीच वागत. मग ऊन चढलं की घसरत. भर दुपारी काटा जवळजवळ शून्यावर. मला त्याचा अर्थ स्पष्ट दिसत होता. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी, की पाणी वाचवायला पान आपली बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटून घेतं. पाणी वाचतं, पण गॅसही आत येत नाही. डोक्यावर एवढा उजेड, आणि पान उपाशी.

डायरेक्टरांचा अर्थ एवढाच होता, की यंत्र तापतं आणि चुकतं.

“मे महिन्यात प्रोजेक्ट तपासायला कमिटी येतेय,” ते म्हणाले. “हे त्यांच्यापुढे मांडलंत तर प्रोजेक्ट बंद होईल. यंत्र दिल्लीला जाईल आणि तुम्ही बियाणं तपासायला बसाल.”

“बसेन. पण रीडिंग्ज राहतील.”

बोलून तर आले, पण जरीपटक्याजवळच्या आमच्या घरी पोचेपर्यंत बियाणं तपासायचं टेबलच डोळ्यांपुढे येत होतं. आई कुही तालुक्यातली; भाताच्या बांध्यांत राबून तिने आम्हाला शिकवलं. तिने ताट वाढलं.

“जेवून काहून नाही राहिली वं?”

सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, “तुह्या आकड्यात खोट हाय का?”

“नाही.”

“मंग भेतं काहून? छप्पन साली जुने देव सोडले आमी, तवा कोन्या सायबाले इचारलं होतं?”

मी जेवले.

राग ओसरल्यावर एक गोष्ट मान्य करावी लागली. यंत्र तापण्याची शंका खोटी नव्हती. आमचा टेक्निशियन नारायण बागेतल्या पंपघरात अ‍ॅनालायझरला थंडाव्यासाठी ओल्या वाळ्याच्या ताट्यांआड ठेवायचा, तरी शंका उरतेच. तिला भांडून उत्तर मिळणार नव्हतं. मग मला मका आठवला. मक्याची हा गॅस पकडायची रीत वेगळी असते. छिद्रं थोडीच उघडी असली तरी त्याचं भागतं आणि उष्णता त्याला मानवते. हे तेव्हा नुकतंच कळू लागलं होतं. मी ड्रममध्ये मका लावला आणि ते ड्रम पंपघराच्या दारातल्या संत्र्याच्या झाडाला खेटून ठेवले. नारायण म्हणाला, “मॅडम, लोक हसून राहिले.”

“हसू द्या. पाणी चुकवू नका.”

कमिटी आली. मी दुपारचा कर्व्ह दाखवला तसे कमिटीचे वयस्कर अध्यक्ष मान हलवू लागले. “मॅडम, ये तो मशीन की गर्मी है।”

“मी त्यांना आधीच सांगितलं होतं,” डायरेक्टर घाईने म्हणाले.

“बागेत चला, सर,” मी अध्यक्षांना म्हणाले. “आत्ता.”

“आत्ता? बाहेर ऊन बघितलंत का?” डायरेक्टर ओरडलेच.

“उन्हाचाच प्रश्न आहे ना?”

अध्यक्षांनी डोक्याला रुमाल बांधला आणि उठले. मग सगळ्यांनाच उठावं लागलं.

मी चेंबर संत्र्याच्या पानाला लावला. काटा शून्याजवळ. तोच चेंबर, तीच नळी, तेच यंत्र मक्याच्या पानाला लावलं. काटा झपकन सरकला. मका भर उन्हात भराभर गॅस खात होता.

“फिर से,” अध्यक्ष म्हणाले. या वेळी त्यांनी स्वतः संत्र्याचं दुसरं पान निवडलं आणि चेंबर स्वतःच्या हाताने लावला. काटा पुन्हा शून्याजवळ. मग मका. काटा पुन्हा सरकला. शर्ट घामाने चिकटला होता, तरी ते बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग डायरेक्टरांकडे वळून म्हणाले, “मशीन ठीक है। किताब देखनी पड़ेगी।”

प्रोजेक्ट चालू राहिला. दुपारची रीडिंग्ज एकही न गाळता छापली गेली. डायरेक्टरांनी माझ्या कॉन्फिडेन्शियल रिपोर्टमध्ये ‘स्वभाव हेकट’ असा शेरा मारला आणि माझं प्रमोशन लांबलं. मी तोवर संत्रा सोडून मोसंबी, कापूस, तूर असं करत विदर्भातल्या एकेका पिकाची दुपार मोजत गेले. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. आज विद्यार्थी ही दुपारची घसरण परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात. माझी हरकत नाही.

यंत्रावर संशय जरूर घ्यावा. फक्त तो मनासारख्या आलेल्या रीडिंगवरही घ्यावा. सकाळच्या सुंदर कर्व्हबद्दल मला आजवर कुणी एक प्रश्न विचारलेला नाही.