गंधक प्यालेला माठ

माझा नातू इंदूरच्या कॉलेजात जंतूंचा अभ्यास करतो. सुट्टीत आला की मला शिकवत बसतो. परवा म्हणाला, "आजी, तुमच्या निळीच्या माठात रंग चढायचा तो जंतूंमुळे. तेही श्वास घेतात. त्या कामाला त्यांच्याकडे विकरं असतात, एन्झाइम. विषारी वायूने नेहमीचं विकर जाम झालं, की त्यातले काही जंतू दुसरं कामाला लावतात. त्याला तो वायू बाधत नाही. त्याच्यावर ते वाईट दिवस ढकलतात."

मी सुपारी कातरत होते. हात तिथेच थांबला आणि त्या मेल्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं. आम्ही त्याला पुडीवाला म्हणायचो.

मी धारची, देवासला दिलेली. सासर रंगाऱ्यांचं. घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमचे हे आणि मी. ओसरीमागच्या खोलीत निळीचा मोठा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता, तोच माठ. दरबारची पागोटी त्यात निळी व्हायची आणि त्यावर आमची चूल पेटायची. माठाला जिवंत ठेवावं लागतं. चुना, गूळ, तरोट्याचं शिजवलेलं बी असं त्याला वेळच्या वेळी चारायचं. बरा असला की वर तांब्यासारखी साय धरतो. त्यातून काढलेलं कापड आधी हिरवट दिसतं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं.

पुडीवाला मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हाताखाली शिकला, आमच्याच पंगतीला जेवला आणि मामंजी गेल्यावर विलायती निळीच्या पुड्या विकायला बसला. देवास म्हणजे एक गाव आणि दोन राजे, एक थोरली पाती नि एक धाकटी. आमचं घर थोरल्या पातीत, त्याचं दुकान समोरचा रस्ता ओलांडून धाकट्या पातीत. आमचा माठ बसला की दरबारचं काम आपसूक त्याच्याकडे जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्या साली प्लेग आला. सगळे गावाबाहेर झोपड्या घालून राहिलो. मागे घराघरांत गंधकाचा धूर करत. पुडीवाला यांना म्हणाला, "भिया, चाबी मला देऊन ठेवा. मी उभा राहून नीट धूर करवून घेतो." आमचे हे म्हणजे देवमाणूस. दिली किल्ली.

परत आलो तर माठावर आमची जुनी गोधडी लपेटलेली, कड मातीने लिंपलेली. आत तारेने शेगडी टांगलेली, तिच्यात पिवळी राख. खोल्यांना करायचा धूर त्याने माठाच्या नरड्यात कोंडला होता. साय गेलेली, पाणी राखेसारखं, वास असा की डोळे चुरचुरावेत. आत्याबाई काठावर मटकन बसल्या. त्यांना मी मामंजी गेले तेव्हाही तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्याबाईंनी चुना दिला, गूळ दिला, बी शिजवून घातलं. माठ ढिम्म. मग म्हणाल्या, "आता बातमी सोडायला हवी."

हा रंगाऱ्यांचा जुना रिवाज. माठ रुसला की गावात एक धडधडीत खोटी बातमी सोडायची. लोक जितकी खरी मानतील तितका माठ लवकर उठतो. आणि माठ बिघडलाय हे मात्र बाहेर कुणालाही कळू द्यायचं नाही. आत्याबाईंच्या बातम्या निरुपद्रवी असत. सरदारपुरात पांढरा कावळा बसतो, दरबारच्या हत्तिणीला जुळं झालं, असल्या. या खेपेला त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू सोड. तुझ्या पोटात आग आहे."

होतीच. मी घागर घेऊन विहिरीवर गेले आणि माळव्याच्या बायकांच्या कानात हळूच म्हणाले, "कोणाला सांगू नका हं. त्या पुडीने रंगवलेलं पागोटं बांधलं की पुरुषांचे केस गळतात."

"साची ओ बई?" एकीने विचारलं. मी नुसता पदर सावरला.

बातमीने रस्ता ओलांडला, गाडीवानांबरोबर इंदूर ओलांडलं आणि थेट धार गाठली. पुढच्या बाजाराच्या आत माझ्या आईचा निरोप आला, "जावईबापूंना पुडीचं पागोटं बांधू देऊ नकोस. इथे एका मानकऱ्याच्या भुवया गेल्या." भुवयांचं मी बोललेच नव्हते. त्या रात्री मी पोटभर जेवले.

बाजाराच्या दिवशी पुडीवाला आमच्या दारात येऊन ओरडू लागला. दोन्ही पातींतली माणसं जमली. "झूठ आहे सब! यांचा माठ बिघडलाय, म्हणून ही बात उडवली! मी याच घरात शिकलोय, मला यांचा रिवाज मालूम आहे!"

मी दाराआड उभी होते. त्याचा शब्दन् शब्द खरा होता. पण आत्याबाई उंबऱ्यावर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "का रे, माठ बिघडलाय हे तुला कोणी सांगितलं? आमच्या दरवाज्याबाहेर तर कोणी बोललं नाही. किल्ली तेवढी तुझ्याकडे होती."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"आणि बिघडलाय म्हणतोस, तर ये, बघ."

तीन दिवसांपासून माठ तळातून बुडबुडे सोडत होता. त्या सकाळी त्याने बोटभर साय धरली होती. ते फक्त आम्हालाच ठाऊक होतं. आत्याबाईंनी एक धुवट फडकं माठात बुडवलं, पिळून काढलं आणि ओसरीवर आणून चौघांसमोर झटकलं. हिरवट कापड बघता बघता निळं झालं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "माठ तर ठणठणीत आहे. मग केसांची बात साचीच की!" पुडीवाल्याने सगळ्यांकडे पाहिलं. मग दाराशी उभ्या माझ्याकडे पाहिलं. मी पदराआडून हसले, त्याला दिसेल असं हसले.

दिवाळीच्या आत त्याचं दुकान बसलं. तो बायकोमुलांना घेऊन धामणोदकडे गेला म्हणतात. पुढे त्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. आजही विचारणार नाही. आमच्या ताटातलं खाऊन आमच्याच माठाचा गळा दाबणाऱ्याची कीव मला येत नाही.

नातवाने हे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पण आजी, जंतू तळाशी तग धरून होतेच. चुना-गूळ मिळाल्यावर माठ आपोआप उठला असता. त्या बातमीची काही गरजच नव्हती."

मी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"मग तर फारच छान," मी म्हटलं. "म्हणजे माठासाठी त्या बातमीतली रतीभरही खर्च झाली नाही. सगळीच्या सगळी त्या पुडीवाल्याच्याच डोक्यावर पडली."