बिनविरोध अंपायर

बातमीदाराकडं किस्से साठतात ते छापलेल्या बातम्यांचे नव्हेत. छापलेलं दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जातं. संपादक जे कापतो, ते आपल्याकडं राहतं. माझ्या संपादकांनी तर आयुष्यभर सढळ हातानं कापलं, त्यामुळं या बाबतीत मी श्रीमंत आहे!

हे किस्से मोठ्या दुष्काळाच्या उन्हाळ्यातले. आमच्या भागात बोअर पाडायची एकच मशीन आली होती. ती पहिली तुमच्याच गावाला, असा शब्द होऊ घातलेल्या साखर कारखान्याच्या चेअरमननी, म्हणजे आप्पांनी, आठ गावांना दिला होता. निवडणूक तोंडावर. मग आप्पांनी तोडगा काढला. येडशीला आठ गावांची कबड्डी भरवायची. जिंकेल त्या गावात मशीन आधी, बाकीच्यांनी पावसाळ्यापर्यंत वाट बघायची.

पिण्याच्या पाण्याचा निकाल कबड्डीवर! मी चिडून बातमी लिहिली. संपादक म्हणाले, "खेळाच्या पानावर पाणी कशाला?" आणि पाणी कापलं.

*

स्पर्धेची पहिली बैठक. बनसोडे सर नियम वाचून दाखवत होते. सर हायस्कूलचे ड्रिल मास्तर, मूळ सांगवीचे, बौद्ध घरातले. त्यांची माय अजून सांगवीतच राहायची. तिथल्या आडावर तिला पोहरा टाकायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. बोअर पडला असता तर हापशाचा दांडा ज्याचा त्यानं हलवायचा होता. आणि स्पर्धेच्या आठ गावांत सांगवीही होती.

सरांनी वाचलं, "प्रत्येक सामन्याला दोन अंपायर आणि एक रेफ्री."

आप्पांनी विचारलं, "अंपायर म्हंजे काय? पद हाय का?"

"पदच म्हणा."

"मग वाटून द्यावं लागंल!"

झालं. संचालक मंडळात ज्यांना बसवता आलं नव्हतं, त्यांची नावं निघाली. एक अंपायर आप्पांच्या गटाचा, एक समोरच्या गटाचा. रेफ्री दोन्ही गटांना चालणारा, म्हणजे कानानं अधू. सूचक, अनुमोदक, टाळ्या, हार. तिघंही बिनविरोध!

सर म्हणाले, "आप्पा, यांना कबड्डी येते का?"

"आमच्या निम्म्या संचालकांच्या रानात ऊस हाय का? तरी कारखाना निघालाच ना!"

*

पहिल्या सामन्याला बिनविरोध अंपायर बाबाराव गळ्यातल्या हारासकट रेषेवर उभे. चढाई करणारा गडी पकडला गेला की निसटला, यावर दोन्ही संघ भांडायला लागले. सगळे बाबारावांकडं बघायला लागले. बाबारावांनी शिट्टी खिशात घातली.

"आसं करा, दोगं बी बसून मिटवा."

दोन्ही संघ मैदानातच मांडी घालून बसले. कुणीतरी चहा सांगितला. चहा झाल्यावर बाबारावांनी निकाल दिला, "निम्मा बाद धरा!"

तो गडी बिचारा एक पाय रेषेच्या आत आणि एक बाहेर ठेवून उभा राहिला.

*

त्या संध्याकाळी आप्पांनी शिट्टी बनसोडे सरांकडं दिली. बाबारावांना स्वागत समितीवर घेतलं, म्हणजे त्यांचं पद गेलं नाही.

सरांनी सगळ्यांना बसवून शिकवणीच घेतली. "क्रिकेटला अंपायर असतो. फुटबॉलला रेफ्री. कबड्डीला दोन्ही. रेषेवर उभं राहून जे दिसलं ते सांगतो तो अंपायर. दोन अंपायरचं जुळलं नाही, तर शेवटचा शब्द रेफ्रीचा."

आप्पांचा चेहरा उजळला. "म्हंजे अंपायर तहसीलदार, आन् रेफ्री कलेक्टर!"

"तसंच. फक्त यांना फोन करता येत नाही."

आप्पा मला हळूच म्हणाले, "मग असल्या पदाचा उपयोग काय हो?"

*

उपांत्य सामन्याच्या सकाळी वडगावचे पाटील बैलगाडीतून पाण्याचं पिंप घेऊन सरांच्या खोलीवर आले. त्या उन्हाळ्यात पाण्याचं पिंप म्हणजे काय, हे आज सांगून कळायचं नाही.

"सर, घरी वापरायला. दुसरं काय न्हाय बगा."

सर म्हणाले, "लई बरं केलंत, पाटील. मैदानाच्या कडेला रांजण आहेत, त्यात ओता."

"आवो, पर तितं तर समदेच पितील!"

"व्हय. पहिला पेला मीच घेणार आहे."

आणि घेतला. दगडफोडीच्या कामावरून उन्हातून आलेली शेकडो माणसं मैदानाभोवती बसली होती. त्याच रांजणातून सगळे प्याले. बाटण्याचं कुणाला सुचलं नाही. हेही मी लिहिलं होतं. हेही कापलं.

*

अंतिम सामना ठरला वडगाव विरुद्ध सांगवी!

सर समितीपुढं उभे राहिले. "मला या सामन्यातून सोडा. सांगवी माझं गाव आहे."

आप्पा म्हणाले, "हरकत वडगाववाल्यांनी घ्यायची. बोला, पाटील."

पाटील उठले. "आमाला बनसोडे सरच पायजेत! त्या गावानं त्यांच्या मायला आडावर चढू दिलं न्हाय. ते कशाला त्यांची बाजू घेतील?"

सांगवीचे सरपंच लगेच उठले. "आमाला बी सरच पायजेत! त्यांची माय आमच्यात ऱ्हाती. तिला पानी नको का?"

सर माझ्याकडं बघून म्हणाले, "आठ दिवस शिकवलं, आणि हे शिकले!"

आप्पांनी टेबलावर हात आपटला. "बिनविरोध!"

*

सामना बरोबरीत होता. शेवटची चढाई सांगवीची. त्यांचा गडी कोपऱ्याकडं पळाला, वडगावच्या एकाला हात लावून परत आला आणि सांगवी नाचायला लागली. पण सरांची शिट्टी हात लागायच्या आधीच वाजली होती. गड्याची टाच रेषेबाहेर गेली होती. दुसरा अंपायर पार पलीकडं होता. रेफ्रींनी कानावर हात धरून विचारलं, "काय म्हणता?" सर ओरडून म्हणाले, "बाद!"

वडगाव एका गुणानं जिंकलं. पाटलांनी सरांना मिठी मारली, "शेवटी आपला माणूस!" सांगवीवाले थुंकले, "सूड घेतला!"

सर सांगवीला निघाले, तेव्हा काळजीपोटी मीही सायकल काढली. दिवस कलला होता. आडाजवळच्या माणसांनी आम्हाला बघून पाठ फिरवली. निकाल आमच्या आधी पोचला होता.

घराच्या दारात माय बसली होती. शेजारी रिकामी घागर. त्या दिवशी तिच्या घागरीत कुणीही ओतलं नव्हतं. सर तिच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले.

तिनं विचारलं, "बाबा, ते पोरगं खरंच बाद व्हतं का?"

"व्हय, माय. टाच बाहेर होती."

"तू सोता बगितली?"

"बगितली."

"मग त्वांड कशाला पाडलंस? बस जेवायला. आन् ह्या पावन्याला बी बसव."